दगडापेक्षा वीट मऊ?

निवडणूक जवळ आली की दोन वाक्ये हमखास आपल्या कानी पडतात. एक, ‘त्याला मत देऊन उपयोग काय? तो नुसती मते खाणार.’ आणि दुसरे, ‘काय करणार, दगडापेक्षा वीट मऊ!’ दोन्ही वाक्ये व्यवहाराची आहेत आणि व्यवहार हा काही नीतीचा शत्रू नव्हे. परंतु मत म्हणजे आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने दिलेली साक्ष होय, असे जे मानतात त्यांना या वाक्यांपाशी थबकावे लागते. मनास पटलेला उमेदवार बाजूस सारून, केवळ नकोसा माणूस निवडून येऊ नये म्हणून भलत्यालाच मत द्यावयाचे, यास काय म्हणावे? शहाणपण, की स्वतःशी केलेली प्रतारणा?

दोनच पक्षांच्या लोकशाहीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. ज्यास सर्वांत जास्त मते तो विजयी, या नियमाने तिसरा पक्ष हळूहळू सुकत जातो, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली मांडले. मत वाया जाईल या भीतीने लोक त्यास सोडून जातात. मात्र त्यामुळे मतभेद मिटत नाहीत. ते दोन मोठ्या पक्षांच्या पोटात जाऊन बसतात. इतर देशांत निवडणुकीनंतर जी युती होते, ती येथे निवडणुकीपूर्वीच एका छपराखाली झालेली असते. म्हणून अशा पक्षास मत देणारा माणूस त्या छपराखालच्या सर्वांनाच हातभार लावतो, आवडत्यांना आणि नावडत्यांनाही.

अमेरिकेतील १८४४ सालची अध्यक्षीय निवडणूक या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एका बाजूस डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोक होते. टेक्सास प्रांत तत्काळ देशात सामील करून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. टेक्सासात गुलामगिरी होती, तेव्हा या सामिलीकरणाने गुलामगिरीचे क्षेत्र विस्तारणार हे उघड होते. दुसऱ्या बाजूस व्हिग पक्षाचे हेन्री क्ले. त्यांचा तत्काळ सामिलीकरणास विरोध होता. पण पुढे त्यांची भूमिका डळमळली, आणि ते स्वतः गुलामांचे मालक होते. गुलामगिरीचे कट्टर विरोधक या दोघांपैकी कोणास मत देणार? त्यांच्यातील काहींनी लिबर्टी पक्ष स्थापन केला होता. जेम्स बर्नी हे त्यांचे उमेदवार. तेही एके काळी गुलामांचे मालक होते. पण त्यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले होते.

निकाल न्यूयॉर्क राज्याने ठरवला. तेथे पोक यांना क्ले यांच्यापेक्षा ५,१०६ मते अधिक पडली आणि बर्नी यांना मिळाली १५,८१२. राज्याची सर्व ३६ निर्वाचक मते पोक यांच्या पदरात गेली. ती क्ले यांना मिळाली असती तर अध्यक्षपद त्यांचे होते. बर्नी यांच्या मतदारांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोक क्ले यांच्याकडे वळते, तरी ते पुरेसे होते. पुढे १८४५ साली टेक्सास गुलामगिरीसह अमेरिकेत आले आणि १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध जुंपले. ज्यांनी गुलामांच्या मालकास मत द्यावयाचे नाही म्हणून आपला हात निष्कलंक ठेवला, त्यांच्या निष्कलंकतेची किंमत कोणी मोजली? ज्यांना मतदानाचा अधिकारच नव्हता, त्या गुलामांनी.

परंतु याच न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गट डावपेचाने मत देत होता, आणि तो आपल्या श्रद्धाबंधूंचा होता. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध त्या वर्षी मोठे वादळ उठले होते. मे महिन्यात फिलाडेल्फियात दंगल होऊन संत मायकल आणि संत ऑगस्टिन ही दोन चर्चे जाळली गेली. परकीयांना नागरिकत्वासाठी २१ वर्षे थांबवावे, अशी मागणी करणाऱ्या गटाशी न्यूयॉर्कमधील व्हिगांनी मतांची देवाणघेवाण केली. कॅथलिक मतदार साहजिकच मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. आपली घरे, आपली मंदिरे, आपले नागरिकत्व राखावे, ही त्यांची इच्छा रास्त होती. त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. तरीही ज्या छत्रीखाली ते आडोशास उभे राहिले, ती गुलामांच्या मालकांनीही धरली होती, हे सत्य उरतेच.

या दोन गटांकडे एकत्र पाहिले की आपला प्रश्न बदलतो. एकाने तत्त्वासाठी मत दिले, दुसऱ्याने सुरक्षिततेसाठी; आणि दोघांच्या मतांचा भार एकाच निर्बल पाठीवर पडला. तेव्हा मत मनापासून दिले की हिशेबाने, एवढ्यावर त्याची नैतिकता ठरत नाही. आपल्या मताचे ओझे कोण वाहणार आहे, याचा विचार आपण केला की नाही, हा खरा प्रश्न होय.

ख्रिस्ती नीतिशास्त्राने या बाबतीत एक उपयुक्त भेद शिकवला आहे. दुष्कृत्य आपलेसे करून त्यात सहभागी होणे वेगळे, आणि ते नको असतानाही गंभीर कारणास्तव त्याच्याशी दूरचा संबंध येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारास काही वेळा मुभा आहे. म्हणून अधिक वाईट टाळण्यासाठी कमी वाईटास मत देणे हे पाप नव्हे, असे आम्हांस वाटते. पण कमी वाईटास एकदा मत दिले की मनुष्य त्याचे समर्थन करू लागतो. आज नाइलाजाने विटेस मऊ म्हणणारा उद्या तिलाच उशी म्हणू लागतो. ‘हा त्यातल्या त्यात बरा’ हे वाक्य काही वर्षांत ‘हा आपला’ होऊन जाते आणि त्याच्या दोषांविषयी बोलणारा घरभेदी ठरतो. अधोगती येथे आहे, मतपेटीपाशी नव्हे.

लिबर्टी पक्षाची कथाही १८४४ साली संपली नाही. गुलामगिरीचा विस्तार रोखावा, एवढ्या मर्यादित मागणीवर १८४८ साली त्यातील बहुतेक लोक इतरांशी एकत्र आले आणि फ्री सॉइल पक्ष उभा राहिला. त्यातूनच पुढे अनेक जण १८५४ साली जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षात गेले. सॅमन चेस यांनी या तिन्ही पक्षांतून प्रवास केला आणि लिंकन यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. या वाटेवर त्यांना मागणी लहान करावी लागली, नावडते सोबती पत्करावे लागले. परंतु गुलामगिरी हा अन्याय आहे, हे म्हणणे त्यांनी सोडले नाही. १८६५ साली ती कायद्याने संपली. तडजोड मागणीत केली, सत्यात केली नाही, असे या प्रवासाचे सार सांगता येईल.

मतदानाची पद्धत बदलली तर ही कोंडी सैल होते, हे खरे. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले, तेव्हा राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. पसंतीक्रमाची पद्धत असती तर त्या मतदारांना दुसरी पसंतीही नोंदवता आली असती. ऑस्ट्रेलियाने ती १९१८ सालीच स्वीकारली. अमेरिकेतील मेन राज्यात २०१८ पासून ती वापरात आहे. परंतु डावपेचास अजिबात वाव नाही अशी वाजवी पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन गिबर्ड यांनी १९७३ साली सिद्ध केले. नियम सुधारावेत, पण आपल्या विवेकाचे काम ते करणार नाहीत.

आपल्याकडेही सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. पक्ष पुष्कळ असले तरी महाराष्ट्रात २०२४ साली मुख्य लढत दोन आघाड्यांतच झाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय २०१३ पासून आहे. पण लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीत त्यास कितीही मते पडली तरी विजयी उमेदवार बदलत नाही. आपण अल्पसंख्य आहोत. आडोसा शोधणे आपल्याला चुकलेले नाही. तो शोधताना दोन गोष्टी आपण स्वतःवर बंधनकारक मानाव्यात. ज्यास नाइलाजाने मत दिले त्याच्याविषयी खोटे बोलू नये. त्याचा अन्याय दिसला की मत देणाऱ्यांनीच प्रथम तोंड उघडावे. आणि कोणत्याही आडोशास उभे राहण्यापूर्वी बाहेर पावसात कोण राहिले आहे, तेवढे वळून पाहावे. तो माणूस बहुधा आपल्या धर्माचा, आपल्या गावचा नसेल. आपल्या मताचा हिशेब मात्र त्याच्याकडेच द्यावयाचा आहे.