दुसऱ्या बाजूचे म्हणणे

ओरोसच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, पिशवीतून काढलेल्या सातबाऱ्यावरचे सामायिक नाव बोटाने दाखवीत वकिलासमोर उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीकडे, कायद्याच्या प्रवेशासाठी मुलाखतीस निघालेल्या मुलीने घटकाभर थांबून पाहावे, असे मला मनापासून वाटते; कारण मुलाखत घेणाऱ्यांना पाठ केलेली कलमे नको असतात, विचार कसा चालतो ते पाहायचे असते.

अशा विचाराच्या सरावासाठी वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै यांचे उदाहरण घ्या. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करण्यास मनाई केली, तेव्हा घटनादुरुस्तीचा तो अखत्यार संसदेचाच, असे प्रतिपादणारे खासगी विधेयक त्यांनी लोकसभेत मांडले. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने दुरुस्तीची मुभा दिली, परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू दिला नाही. या तिन्ही भूमिका, आपल्याला न पटणारीसुद्धा, सारख्याच सचोटीने मांडता येतात का, हे आईला समोर बसवून, मालवणीत, मोठ्याने बोलून पाहावे. आई मध्येच विचारील, "मगे आमच्या सामायिक जमनीचा काय?" उत्तरापूर्वी क्षणभर थांबावे लागले, तर खुशाल थांबावे.