आजचं चिंतन: धृती आणि सतरावा किलोमीटर



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला ३५वा श्लोक घेऊ. आधी साधा अर्थ सांगतो. ज्या धृतीच्या जोरावर मंदबुद्धी माणूस झोप, भीती, शोक, खिन्नता आणि मद यांना धरून बसतो, सोडतच नाही, ती धृती तामसी.

धृती म्हणजे धरून ठेवण्याची, टिकून राहण्याची ताकद. आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की ही ताकद चांगलीच. नसेल तर कमवायची, असेल तर वाढवायची. भगवंत मात्र इथे थांबवतात. धृतीचेही तीन प्रकार आहेत म्हणतात, आणि सगळ्यात खालच्या प्रकाराची खूण काय सांगतात? सोडत नाही! जी गोष्ट आपण टी-शर्टवर छापून घेतो, स्टेटसला ठेवतो, तीच इथे तामसीच्या खात्यात बसलीये.

हा श्लोक आजच का घेतला, तर दिवसच तसे आहेत. पाऊस ओसरत आला की आपल्याकडच्या लहान शहरांतून मॅरेथॉन सुरू होतात. तुमच्यापैकी कितीतरी जण धावणार आहात, ग्रुपवर बिबचे फोटो येतायत. धावणाऱ्या प्रत्येकाला वाटेत कुठेतरी एक प्रश्न भेटतो: पुढे जाऊ की थांबू? हा प्रश्न पायाचा वाटतो, पण मला तो धर्माचा प्रश्न वाटतो.

साताऱ्याचंच उदाहरण घेतो, कारण तिथली वाट माझ्या ओळखीची आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. अंतर २१ किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे नावाप्रमाणे अर्धीच मॅरेथॉन, पण रस्ता सपाट नाही. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. पहिला अर्धा भाग छातीची परीक्षा घेतो, दुसरा गुडघ्यांची. धुकं असतं, भुरभुर असते, आणि त्याच सुमारास वर कासच्या पठारावर फुलं आलेली असतात.

मोठ्या शहरातल्या शर्यतीत तुम्ही गर्दीतला एक नंबर असता. लहान गावात तसं नाही. टाळ्या वाजवणाऱ्या काकूंकडेच तुम्ही आदल्या रात्री जेवलेले असता. पाणी देणारा पोरगा तुमच्या मामेभावाच्या वर्गातला निघतो. म्हणून तिथे धावायला जास्त मजा येते, आणि म्हणूनच तिथे थांबणं जास्त अवघड जातं. सगळे बघत असतात ना!

आमच्या ऑफिसातले एक दादा गेल्या वर्षी तिथे धावले. वय बेचाळीस, तीन महिने रीतसर सराव, तब्येत ठणठणीत. घाट चढून गेले, वळले, उतरायला लागले. सतराव्या किलोमीटरच्या आसपास त्यांना छातीत काहीतरी वेगळं वाटलं. दुखणं असं नाही, आवळल्यासारखं. शेजारून पळणारा म्हणाला, "दादा, आता नुसता उतार उरलाय, चार किलोमीटर फक्त, सोडू नका!" दादा थांबले. पुढच्या मदतकेंद्रापर्यंत हळूहळू चालत गेले, तिथल्या डॉक्टरांना सांगितलं आणि अॅम्ब्युलन्समधून खाली आले. मेडल नाही, फिनिशचा फोटो नाही, स्ट्रावावर सतरा किलोमीटरची अर्धवट रेघ.

ईसीजी निघाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल.

सोमवारी ऑफिसात चहाला सगळ्यांनी हेच ऐकवलं. "उगाच घाबरलात राव! काही नव्हतंच की." दादा हसले आणि म्हणाले, "त्या वेळी माझ्याकडे रिपोर्ट नव्हता, फक्त छाती होती."

माझ्या डोक्यात तेव्हापासून हाच प्रश्न फिरतोय. रिपोर्ट वाईट आला असता, तर आपण सगळे म्हणालो असतो, केवढा शहाणपणा! रिपोर्ट चांगला आला, म्हणून तोच निर्णय भित्रेपणा ठरला? निर्णय घेतानाचा माणूस तर तोच होता आणि त्याला असलेली माहितीही तीच होती. बदललं ते फक्त नंतर हाती आलेलं फळ. कर्माची किंमत फळावरून लावायची नाही, हे आपण तोंडपाठ म्हणतो, पण चहाच्या टेबलावर पहिल्यांदा तेच करतो. आपल्या धंद्यातही बघा. रात्री अलर्ट वाजला, ऑन-कॉल मुलीनं रिलीज मागे घेतलं, सकाळी कळलं की अलर्ट खोटा होता. कुठलाही समंजस सीनियर तिला चुकली म्हणत नाही. हातात जे होतं त्यावरून तिनं बरोबरच केलं.

आता मॅरेथॉनच्या मुळाशी जी गोष्ट आहे, तिच्याकडे वळू. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सनं इराणी फौजेला हरवलं. एक दूत धावत अथेन्सला आला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळून मेला, अशी कथा आपण ऐकतो. गंमत म्हणजे त्या युद्धाची हकीकत लिहिणाऱ्या हेरोडोटसकडे ही कथा नाही. त्याचा फिडिपिडीस धावतो तो अथेन्सहून स्पार्टाला, मदत मागायला, आणि तो मरत नाही. बातमी सांगून कोसळणारा दूत शेकडो वर्षांनंतरच्या लेखकांकडे सापडतो. लोकांनी मात्र उचलली ती मरणारी गोष्ट. जगून परत आलेल्या धावपटूपेक्षा सीमारेषेवर मेलेला आपल्याला जास्त आवडतो, हे आपल्याबद्दल काहीतरी सांगतं.

त्याच वाटेवर, मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत, २००४ ची ऑलिंपिक शर्यत झाली. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ तेव्हा विश्वविक्रमी धावपटू होती: २ तास १५ मिनिटं २५ सेकंद, लंडन, २००३. अथेन्समध्ये उकाडा भयंकर, त्यात पाय दुखावलेला आणि पोट बिघडलेलं. सुमारे ३६ किलोमीटरवर ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. तिच्याच देशातल्या वर्तमानपत्रांतून तिच्यावर टीका झाली की हिनं मैदान सोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. २००५ मध्ये हेलसिंकीला जगज्जेती झाली.

याच्या उलट १९८४ ची लॉस एंजलिसची शर्यत. महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली ती झोकांड्या खात, शरीर एका बाजूला वाकलेलं. वैद्यकीय लोक पुढे आले, तिनं हातानं नको म्हटलं. तिला घाम येतोय, हे त्यांनी पाहिलं आणि तिला जाऊ दिलं. ती ३७वी आली आणि सगळं स्टेडियम तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

यातली कोण सात्त्विक, कोण तामसी? सांगता येत नाही, आणि आपण सांगूही नये. बाहेरून तिन्ही धृती सारख्याच दिसतात. एकच चढ, तोच घाम, तेच दात आवळणं. फरक आत असतो: धरून कोण ठेवतंय आणि काय धरून ठेवतंय. ३३व्या श्लोकातली सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रियांना योगानं आवरते. ३४व्यातली राजसी फळाच्या ओढीनं धरते. मेडल, टायमिंग, लाइक्स हे सगळं तिथे येतं. आणि ३५व्यातली तामसी? तिनं मद धरलेला असतो. "मी थांबणारा माणूस नाही" ही स्वतःची मूर्ती तिला सोडवत नाही. पायांपेक्षा ती मूर्तीच पळत असते.

इथे कोणीतरी म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार: "म्हणजे दमलं की थांबायचं का? मग सराव कशाला, साधना कशाला?" याचं उत्तर त्याच अध्यायात आधीच येऊन गेलंय. आठव्या श्लोकात भगवंत सांगतात, कष्टाचं आहे म्हणून, शरीराला त्रास होईल या भीतीनं जो कर्म सोडतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून दार बंद! दुखतंय म्हणून सोडलंत तर राजस, मदापोटी सोडलं नाहीत तर तामस. सुटका एकच, प्रत्येक वेळी नीट बघणं.

बघायचं कसं, हे २५व्या श्लोकात आहे. तामस कर्म कोणतं? ज्याच्या सुरुवातीला माणूस चार गोष्टी बघत नाही: पुढे काय होईल, काय गमवावं लागेल, कोणाला इजा होईल आणि आपली ताकद किती. हे चार प्रश्न घाटाच्या रस्त्यावर जसेच्या तसे लागू पडतात. तिसऱ्यावर जरा थांबा. इजा फक्त स्वतःला होत नाही. मी कोसळलो तर एक अॅम्ब्युलन्स माझ्यापाशी अडकते, एक स्वयंसेवक आयुष्यभराचा धसका घेऊन घरी जातो आणि फिनिश लाइनवर उभी असलेली माझी आई फोन उचलते. "माझं शरीर, मी बघून घेईन" हे वाक्य म्हणूनच खोटं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. श्लोकांचा क्रम बघा. ३० ते ३२ या श्लोकांत बुद्धी येते आणि मग ३३ ते ३५ मध्ये धृती. सात्त्विक बुद्धीची पहिली खूण काय, तर कधी पुढे जायचं आणि कधी मागे फिरायचं, हे तिला कळतं. आधी कळणं, मग धरणं.

अडचण अशी की धावताना नेमकी बुद्धीच दगा देऊ शकते. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, मी ठीक आहे म्हणून भांडतो. प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम घसरलं तरी असाच गोंधळ उडतो. म्हणजे ज्या यंत्रानं निर्णय घ्यायचा, तेच बिघडलेलं असतं. म्हणून हा निर्णय सतराव्या किलोमीटरवर घ्यायचा नसतो. तो आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना घ्यायचा असतो. रोलबॅक प्लॅन आपण रिलीजच्या आधी लिहून ठेवतो, सगळं पडल्यावर पहाटे तीन वाजता नाही. दादांनी तेच केलं होतं. छातीत काहीही वेगळं वाटलं तर थांबायचं, हे त्यांनी वहिनींना निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी धृती सोडली नाही. आदल्या रात्रीचा शब्द भर गर्दीत, टाळ्यांच्या आवाजात पाळला. धृती ती हीच!

आपल्या वारीतही हे शहाणपण आहे. आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरपर्यंत एका दमात जात नाही. विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. रिंगणात वारकरी जीव खाऊन पळतातही, पण ते पळणं आणि तो विसावा, दोन्ही त्याच वाटेचे भाग आहेत. विसाव्याला थांबला म्हणून कोणी वारकऱ्याला हरलेला म्हणत नाही.

आणि हे फक्त धावण्यापुरतं नाही. आता नवरात्र येईल. नऊ दिवसांचे उपवास, अनवाणी चालणं. अंगात ताप असताना उपवास रेटणारा जो आवाज आहे, तो देवीचा आहे की "मी कधी मोडला नाही" या मदाचा, हे ज्यानं-त्यानं एकांतात विचारावं. रात्री-रात्री जागून केलेल्या कामाला आणि जीव घुसमटवणाऱ्या नात्याला धरून बसतानाही हाच प्रश्न विचारावा.

आजचा अभ्यास: तुम्ही सध्या जे काही नेटानं करताय, त्याबद्दल दोन ओळी लिहा. पहिली, "एवढं मी सोसेन." दुसरी, "हे झालं तर मी थांबेन." शांतपणे लिहा, आणि तो कागद अशा माणसाला द्या जो तुम्हाला नाही म्हणू शकतो. मग मनसोक्त धावा. पहिली ओळ आठव्या श्लोकापासून वाचवेल, दुसरी पस्तिसाव्या.

राम कृष्ण हरी.