पोथी प्रमाण, पण कोणती?

शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाट उतरला की सुरूरवरून वाईला वळता येते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी संपादिलेला ‘धर्मकोश’ याच गावातून १९३७ पासून छापून येऊ लागला. एकेका विषयावरची स्मृतिवचने त्यात टीकांसह एकत्र आली आणि शास्त्रेही एका सुरात बोलत नाहीत हे उघड्यावर आले. मग प्रमाण कोणते मानायचे?

त्याआधीचा प्रश्न अधिक अवघड आहे. वचन तरी मूळचेच आहे का?

पोथी माणूस उतरवतो. नजर ओळ गाळते, समासातली टीप पुढच्या प्रतीत थेट मजकुरात शिरते. चुकलेल्या अक्षरावर लेखनिक पिवळा हरताळ फासत असे. राहून गेलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहीत असे. अखेरच्या पुष्पिकेत अनेक जण नाव आणि तिथी देत, आणि जसे दिसले तसे उतरवले, दोष आम्हाला लावू नये, अशी विनवणीही करत. तरीही पाठभेद वाढले, क्षेपक घुसले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि नवी ओवी घालू नये असे बजावले. ग्रंथावर त्यांची अपार भक्ती होती, म्हणूनच त्यांनी हा उद्योग केला. चिकित्सेने श्रद्धा बुडते म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९६६ मध्ये पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. कारण अनेक प्रतींत ती सापडत नाही. घरोघर गणपती बसवणाऱ्या महाराष्ट्रात हे छापायला धैर्य लागले. कथा पुसली मात्र नाही, तिची जागा सांगितली. जिथे पाठाची खात्री नव्हती, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. शंका अशी उघड नोंदवणे हा ग्रंथाचा आदरच होय.

आज पारायणाच्या किती पोथ्या मूळ प्रतीचा उल्लेखही न करता छापल्या जातात! प्रकाशकांनी निदान पहिल्या पानावर मजकूर कोणत्या प्रतीवरून घेतला तेवढे छापावे, आणि वाचकांनी ते मागून घ्यावे.