ग्रेच्चोची गव्हाण

१२२३ सालच्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो इथे डोंगरकपारीत साधी गव्हाण मांडून घेतली. तीत गवत पसरले, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव उभे केले. थाटमाट नव्हताच. येशूचा जन्म किती हलाखीत झाला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, एवढाच हेतू. गावकरी मशाली घेऊन रात्री वर आले. गव्हाणीपाशीच मिस्साबलिदान झाले. डीकन असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गायले. ते गवत नंतर आजारी गुरांना चारल्याची नोंद चरित्रकार थॉमस चेलानो करतो. पुढे गोठे मांडण्याची प्रथा जगभर फोफावली. वसई-गोव्यात आज त्यांच्या स्पर्धाही होतात. तिथे साधेपणाला गुण मिळणे तसे अवघडच.