यातली मी कुठली?

रिडेव्हलपमेंटची केस रखडल्याच्या रागात आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी चित्र टाकलं: काळ्या कोटातला ढेकूण, शेजारी खादीतलं झुरळ. मी हसलो आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केलं. मावशी वकील आहे हे डोक्यातच नव्हतं. तिचा मेसेज आला, ‘यातली मी कुठली?’

अशा चित्रांवर बंदी नकोच. असीम त्रिवेदीने राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले, तर २०१२ मध्ये मुंबईत त्याला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. निव्वळ मूर्खपणा. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका राजद्रोह ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात २०१५ मध्ये सांगितलं.

पण काढू देणं वेगळं, काढलेलं पटणं वेगळं. इसवीसनपूर्व ४२२ मध्ये ॲरिस्टोफेनीसने अथेन्सच्या ज्युरींना गांधीलमाश्या करून रंगमंचावर आणलं. पण ते माशीच्या वेशातही बोलतात: आपल्याला नांगी का, पर्शियनांशी आपण कसे लढलो. आमचा ढेकूण मुका. वकिलाला ‘तारीख का मागितलीत?’ असं विचारता येतं. ढेकणावर फक्त फवारा मारतात. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणत. वकील-पुढारी तितके असहाय नाहीत, मान्य. पण सगळेच ढेकूण ठरले की तारीख मागणारा नेमका माणूस गर्दीत सुटतो.

मावशीनेच ई-कोर्ट्सवर आमची केस काढून दाखवली. गेल्या पाच तारखांपैकी तीन आमच्याच सोसायटीने मागितल्या होत्या.