हिरकणीची वाट

शिमगा संपल्यावर पोलादपुरात झालेल्या एका सभेत व्याख्याते ठासून म्हणाले, घर सोडून जाणारी नायिका आपल्या मातीतली नव्हे. आपली नायिका हिरकणी, कडा उतरून घरी येणारी. टाळ्या पडल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

डोळ्यांसमोर ‘दोघी’ होता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा १९९५चा चित्रपट. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो आणि नवरी गौरी पांढऱ्या पायाची ठरते. लग्न लागलेलंच नाही, त्यामुळे तिला विधवेसारखं रडता येत नाही. आणि नाव असं पडलेलं की पुन्हा बोहल्यावर उभंही राहता येत नाही. तिच्या वाट्याला नुसता दोष येतो. मामा तिला मुंबईला नेतो. देहाच्या बाजारातून ती घरी पैसे पाठवते, त्यावर चूल पेटते, आणि लेक परत येते तेव्हा आई तिला जवळ घेत नाही. गौरी झालेल्या रेणुका दफ्तरदारांचा चेहरा तिथे जवळजवळ हलत नाही, उत्तरा बावकरांची आई लेकीकडे धड पाहत नाही. ती आई दुष्ट नाही, म्हणूनच ते पाहवत नाही. गौरीला पळून गेलेली कसं म्हणायचं? तिला तर घालवून दिलं.

अपघाताचा दोष कुठे शोधला जातो, तेही बघा. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, माणसं गेली. त्या मरणांची कारणं पावसात आणि डोंगरात शोधली गेली. गौरीच्या वऱ्हाडाच्या मरणाचं कारण मात्र तिच्या पावलांत शोधलं गेलं.

हिरकणीला बाजूला सारून गौरीची बाजू मांडायची, असं मी ठरवलं होतं. गणपती गेल्यावर रायगड चढलो, हिरकणी बुरुजापाशी बसलो आणि माझा विचार फिरला. २०१९च्या प्रसाद ओक यांच्या चित्रपटामुळे ही गोष्ट आता पोराटोरांनाही पाठ आहे. दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ. ती विनवते, पहारेकरी नियम सांगतात. मग ती नियम मोडते आणि जिथे वाट नाही तिथून उतरते. म्हणजे ही घरी बसलेल्या बाईची गोष्ट नव्हेच. बंद दरवाजाला न जुमानणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे. आणि बुरूज कशासाठी? महाराजांनी तिचा मान केला हे खरं, पण जिथून ती उतरली तिथून शत्रूही चढू शकतो, म्हणून बुरूज बांधला असं आख्यायिकाच सांगते. गडासाठी ते रास्तच होतं. आपण मात्र व्याख्यानांतून तेच करतो: बाईचं नाव कोरतो आणि तिची वाट चिणून टाकतो.

व्याख्यात्यांना मला एकच सांगायचं आहे. काट्यांनी फाटलेल्या लुगड्यात हिरकणी घरी पोचली, तेव्हा रात्रभर कुठे होतीस असं तिला कुणी विचारल्याचं कथेत नाही. गौरीला आईने तेवढंही विचारलं नाही. तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

रायगडावरून उतरून महाडला मुक्काम केला. पहाटे स्टँडवर मुंबईच्या गाडीपाशी एक तरुण मुलगी एकटीच पिशवी घेऊन उभी होती, रडून डोळे सुजलेले. शेजारच्या बाईने तिला विचारलं, “कुणाबरोबर चाललीस गं?” का रडतेस, हे विचारायला मी पुढे झालो, तोवर गाडी सुटली.