गहू, निदण आणि रक्ताची गुठळी



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला एका शेतात नेतो. शेतात गहू पेरला आहे आणि रात्री वैऱ्याने येऊन निदण पेरले आहे. ते पाहून चाकर मालकाकडे धावत येतात. त्यांना निदण उपटायचे आहे, आणि तेही लगेच. हे चाकर वाईट नाहीत. त्यांना मालकाच्या शेताची काळजी आहे. तरीही मालक त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल अशी त्याला भीती आहे. या दाखल्यावर बोलताना आम्ही धर्मगुरू बहुधा निदणाविषयी बोलतो. आज चाकरांविषयी विचार करू या. चांगल्या हेतूने केलेले रक्षणसुद्धा नाश करू शकते का?

हा प्रश्न आमच्यापुढे एका फोनवर आला. २०२० सालच्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कोरोनाने इस्पितळात वारले. अंत्यविधीला चारपाच माणसेच हजर होती. आठवड्याने त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्या म्हणाल्या, "फादर, डॉक्टर सांगत होते की ताप उतरला होता, पण फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. म्हणजे ह्यांच्याच रक्ताने ह्यांना नेलं. देवाने माणसाचं शरीर असं का घडवलं?" आम्ही तेव्हा "देवाची इच्छा" एवढेच म्हणालो. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याला त्यांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकूनही आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. त्या भगिनींची परवानगी घेऊन, उशिरा का होईना, ते उत्तर आज शोधत आहोत.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत सर्वांत जास्त संख्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची असते. हाडांच्या मगजात त्या दररोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. जंतू शिरला की त्या सर्वांच्या आधी धावून जातात, त्याला गिळतात आणि बहुधा स्वतःही मरतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा या मेलेल्या शिपायांचा ढीग. जंतू गिळणाऱ्या पेशींचे हे काम इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ओळखले. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. कोणी हाक न मारता त्या धावून आल्या होत्या. या कामासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पुढे २००४ साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील फोल्कर ब्रिंकमन, आर्तुरो झिचलिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी गोष्ट दाखवली. जंतूंशी लढताना न्यूट्रोफिल आपल्या पोटातील डीएनएचे धागे बाहेर फेकतात. आपले कोळीबांधव खाडीत पाग टाकतात तसेच हे जाळे असते. त्याच्या धाग्यांना जंतुनाशक द्रव्ये चिकटलेली असतात. जंतू त्यात अडकतात. पुष्कळदा पेशी हे जाळे टाकून स्वतः मरते. दुसऱ्यांसाठी प्राण देणारी ही पेशी पाहून ख्रिस्ती मनाला भरून आल्यावाचून राहत नाही.

परंतु जाळ्यात काय सापडेल यावर जाळ्याचा ताबा नसतो. २०१० साली बोस्टनच्या डेनिसा वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रक्तवाहिनीत हे जाळे पसरले तर प्लेटलेट आणि तांबड्या पेशीही त्याला चिकटतात आणि तेथे गुठळी उभी राहते. म्युनिक येथील बेर्न्ड एंगेलमन व श्टेफेन मासबेर्ग यांनी २०१३ साली याविषयी एक मोलाचा विचार मांडला. गुठळी होणे हा नेहमी अपघातच असतो असे नाही. बारीक रक्तवाहिनीत झालेली छोटी गुठळी जंतूंची वाट अडवते आणि त्यांना शरीरभर पसरू देत नाही. म्हणजे ही नाकेबंदी शरीराच्या संरक्षणाचाच भाग आहे. ती मर्यादा सोडते तेव्हा आजार होतो.

कोरोनात हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. २०२० साली काही संशोधकांनी कोरोनाने मरण पावलेल्या सात जणांची फुफ्फुसे फ्लूने मरण पावलेल्या सात जणांच्या फुफ्फुसांशी ताडून पाहिली. कोरोनाच्या रुग्णांत अतिसूक्ष्म वाहिन्यांतील गुठळ्या नऊपट आढळल्या. संख्या लहान होती, पण इतर इस्पितळांतूनही गुठळ्यांच्या बातम्या येत होत्या. रुग्णांच्या फुफ्फुसांतील गुठळ्यांत न्यूट्रोफिलांची ती जाळीही सापडली. विषाणूमुळे वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, हेही गुठळीचे एक कारण आहे. पण इजा विषाणूने सुरू केली आणि पुढचा बराच घात रक्षकांच्या अतिउत्साहाने झाला, असे पुष्कळ रुग्णांबाबत म्हणावे लागते.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. देवाने शरीरात मारेकरी ठेवला होता का? संत ऑगस्टीन यांना तरुणपणी हाच प्रश्न छळत होता की देव चांगला आहे, तर वाईट आले कोठून? पुष्कळ भटकल्यावर त्यांना उमगले की वाईट ही स्वतंत्र अशी वस्तूच नाही. चांगल्या गोष्टीत जे असायला हवे ते नसणे, म्हणजे वाईट. गुठळीकडे पाहताना हा विचार आम्हाला पटतो. न्यूट्रोफिल चांगली, प्लेटलेट चांगली, गोठणारे रक्तही चांगले. रक्त गोठलेच नसते तर कोयता लागून बोट कापल्यावर माणूस वाचला नसता. त्या गृहस्थांच्या शरीरात वाईट असे काही देवाने पेरले नव्हते. चांगल्याला हवी असलेली मर्यादा तेथे हरवली होती.

या उत्तराने त्या भगिनींचे डोळे पुसले जाणार नाहीत, हे आम्ही जाणतो. मर्यादा का हरवू दिली, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नाही. तेथे आम्ही क्रुसाजवळ उभे राहतो. क्रुसावरच्या प्रभूनेही पित्याला "का?" असेच विचारले होते. एवढे मात्र सांगू शकतो की तिच्या पतीचे रक्त त्याचे वैरी झाले नव्हते. शेवटपर्यंत ते त्याला वाचवण्यासाठीच झटत होते.

येथे डॉक्टरांकडूनही एक धडा घेण्यासारखा आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध शरीराच्या प्रतिकाराला आवर घालते. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत त्याने मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, तर फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एकपंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा काहीच फायदा झाला नाही. म्हणजे रक्षकाला नेहमीच रोखणे बरोबर नाही आणि नेहमीच मोकळे सोडणेही बरोबर नाही. कोणत्या वेळी काय, हे ओळखावे लागते. याच ओळखीला आपली परंपरा विवेक म्हणते आणि सद्गुणांत त्याला अग्रस्थान देते.

संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा प्रश्न असाच सोडवला आहे. ते म्हणतात की स्वतःचा जीव वाचवणे योग्यच आहे. पण त्यासाठी गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर हेतू चांगला असूनही ते कृत्य अयोग्य ठरते. हेतूबरोबर मापही तपासायला हवे. गेथशेमानी बागेत पेत्राचा हेतू चांगलाच होता. तरीही प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले आणि ज्याचा कान तुटला होता त्याला बरे केले.

न्यूट्रोफिलला आपण दोष देऊ शकत नाही. तिला मन नाही, निवड नाही. आपल्याला मात्र दोन्ही आहे. म्हणून आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो.

ते गृहस्थ इस्पितळात असताना त्यांच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर आपल्यातल्याच काहींनी बांबू आडवा बांधला होता. सुरुवातीला त्यात काही चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. रोग नवा होता, आळीत म्हातारी माणसे होती, अंतर ठेवणे गरजेचे होते. ती छोटी गुठळी होती आणि ती उपयोगी होती. पण घरात राहण्याचे चौदा दिवस संपले, आई व मुलगा दोघेही बरे असल्याचा कागद मिळाला, तरी बांबू निघाला नाही. दूधवाल्याला परत पाठवले गेले. घरात माणूस गेल्यानंतरही कोणी ओट्यावर चढले नाही. आळी आळीला वाचवत होती आणि आळीतलेच एक घर गुदमरत होते. आम्हीही फोनवर "काही दिवस बाहेर पडू नका" असे सांगितले. "तुम्हाला काय हवे?" हे विचारायचे राहून गेले. आमचा हेतूही चांगलाच होता.

बांबू केव्हाच निघाला. पण त्या भगिनी अजून मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचे गीत सुरू होण्याआधी निघून जातात. गुठळी अजून आहे.

शरीराविषयी आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. गुठळी तयार होत असतानाच ती विरघळवणाऱ्या द्रव्याचा कच्चा माल तिच्यातच गुंफला जातो. जखम भरत आली की तो जागा होतो आणि गुठळीचे धागे एकेक करून तोडतो. निर्माणकर्त्याने बांधण्याच्या आतच सोडवण्याची सोय करून ठेवली आहे. आपल्यातही ती सोय आहे. तिला पश्चात्ताप म्हणतात, आणि ती जागी करण्यासाठी मोठी सभा घ्यावी लागत नाही. एखाद्या संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसावे, "चुकलं आमचं" म्हणावे, आणि चहा दिला तर घ्यावा.

या आठवड्यात आम्ही त्या घरी जाणार आहोत. आमच्याबरोबर त्या आळीतले कोणी आले तर आनंद वाटेल. आणि ज्यांच्या दारापुढे, शेतीच्या बांधावर किंवा भावाभावांत असाच एखादा बांबू अजून आडवा आहे, त्यांनी आज मिस्सात शांतीची खूण देताना तो आठवावा. वाईटाला अडवताना चांगले उपटले जाऊ नये, एवढे भान शेताचा धनी आपल्या सर्व चाकरांना देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू